होसकोटेचा पत्ता

फोन ठेवला आणि उल्का ओट्याला धरून उभी राहिली. होसकोटेच्या कारखान्यातल्या पवित्रा मॅडम हिंदीत अगदी गोड बोलल्या होत्या. "अभिनंदन! सोमवारी हजर व्हा. तेवढं उद्या अकराला आमचा माणूस घरी येऊन पत्ता बघून जाईल."

फॉर्मवर लिहिलेला पत्ता खोटा होता.

साताऱ्यात तेरा वर्षं उल्का गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासत होती. श्रीकांतची सरकारी संशोधन संस्थेतून बंगळुरूला बदली झाली, तशी तिने नोकरी सोडली आणि दहा वर्षांच्या यशश्रीला घेऊन इकडे आली. मुक्काम तात्पुरता, बसवनगुडीत श्रीकांतच्या मामांकडे. शामसुंदरमामांच्या तीन पिढ्या या शहरात गेल्या होत्या. ते रोज म्हणत, "इथंच स्वल्प जवळ घर बघा रे. शाळा आहे, देऊळ आहे, मेट्रो आहे. आणखी काय पाहिजे?"

उल्काला नोकरी पाहिजे होती, आणि तिच्या कामाचे कारखाने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, होसकोटेच्या बाजूला होते. तीन ठिकाणी मुलाखत झाली. तिन्ही ठिकाणी तिने मापं चोख काढून दाखवली आणि तिन्ही ठिकाणी शेवटी तिला विचारलं गेलं, "राहता कुठे?" बसवनगुडी म्हटलं की समोरचा माणूस पेनाला टोपण लावायचा. "आमची पाळी सकाळी सहाला सुरू होते, मॅडम." मग फोन येतच नसे.

म्हणून तिने श्रीकांतला एका रविवारी होसकोटेला नेलं होतं. यल्लव्वाअक्कांचं दुमजली घर, वरचा मजला रिकामा. अक्का मूळच्या अथणीकडच्या, मराठी बोलणाऱ्या. श्रीकांत खिडकीपाशी दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "मला दोन तास जायला, दोन तास यायला. नाही जमणार." जिना उतरतानाच त्याने दुसरा विषय काढला होता.

त्यानंतर चार दिवसांनी पवित्रा मॅडमच्या कारखान्यात चौथी मुलाखत. फॉर्मवर पत्त्याच्या रकान्याशी तिचं पेन अडलं, आणि मग तिने यल्लव्वाअक्कांचा पत्ता लिहून टाकला. श्रीकांतला काय, समजावता येईल, असं तिने स्वतःला बजावलं होतं. समजावणं राहूनच गेलं.

संध्याकाळपासून तिने अक्कांना सात वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही. सकाळी श्रीकांतला "मुलाखत आहे" एवढंच सांगून ती निघाली. मेट्रोत बसायला जागा होती, तरी ती दाराशी उभी राहिली. वरच्या मजल्यावर एव्हाना दुसरं कुणी राहायला आलं असेल तर? त्यांचे कपडे वाळत असतील. तो माणूस शेजारी चौकशी करेल. होसकोटेतले कारखानदार एकमेकांना ओळखतात म्हणे. मग तिचं नाव एकाकडून दुसऱ्याकडे जाईल. तेरा वर्षांत एका खोट्या मापावर तिने सही केली नव्हती, आणि आता लोक म्हणणार, ही खोटं लिहिणारी बाई.

साडेदहाला ती पोचली. फाटकाला कुलूप. वरच्या खिडक्या बंद. तिने हाका मारल्या, शेजारची बेल दाबली, पुन्हा फोन लावला. आत कुठेतरी घंटी वाजत होती.

अकराला दहा कमी असताना अक्का भाजीची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. फोन घरीच विसरल्या होत्या, कालपासून लेकीकडे होत्या. उल्काने रस्त्यातच सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय?" अक्का म्हणाल्या. "जागा रिकामीच हाय. मी सांगते की, हितंच ऱ्हातीया म्हणून."

उल्काच्या जिवात जीव यायला हवा होता. तिची भीती उलट दुप्पट झाली. आता खोटं बोलणाऱ्या दोघी झाल्या.

प्रदीपकुमार नावाचा तो माणूस बरोबर अकराला आला. हेल्मेट काखेत धरून वर चढला, दाराचा फोटो काढला, रिकाम्या खोलीत उभा राहिला. फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे उमटले.

"सामान?"

"उद्या येतंय," अक्का घाईने कन्नडमध्ये म्हणाल्या.

त्याने उल्काकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही इथे राहता का? मला हो किंवा नाही, एवढंच लिहायचंय."

खाली रस्त्यावर एक टेम्पो मागे घेत होते, त्याचा पीं पीं आवाज थांबेना.

"नाही," ती म्हणाली.

अक्कांनी कपाळावर हात मारला. प्रदीपकुमारने शांतपणे लिहिलं आणि कागद तिच्यापुढे केला. तिने वाचून सही केली.

त्याचा कागद पोचायच्या आत तिने पवित्रा मॅडमना फोन केला. "तीन ठिकाणी पत्त्यावरून नाकारलं. घाबरून लिहिलं. चूक माझी आहे." "सरांना सांगते," एवढंच उत्तर आलं. दुपारी दोन ओळींचा नकार आला.

संध्याकाळी मामांच्या गच्चीवर तिने श्रीकांतला सांगितलं.

"मला न विचारता तू घर लिहून टाकलंस?"

"तू मला न विचारता घर नाकारलंस, श्रीकांत. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. मला सारखी भीती वाटत होती की आपण जिथे राहू तिथे मी नुसती घरात बसून संपून जाईन."

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "यशूची शाळा?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि नकाशा उघडला. त्या रात्री भांडण झालं, दुसऱ्या दिवशीही झालं. शनिवारी दोघं के. आर. पुरमला गेली. तिथून त्याला मेट्रो होती, तिला होसकोटेची बस. महिन्याभरात तिथे भाड्याने घर घेतलं. यशश्री शाळा बदलल्यामुळे आठवडाभर रुसली, आणि मामा तर सामान हलवताना देवळात जाऊन बसले.

पुढचे दोन महिने अनोळखी नंबर दिसला की उल्का हातातलं काम टाकून फोन उचलायची. नकार आणखी दोन आले. तिसऱ्या ठिकाणी, एका छोट्या वर्कशॉपमध्ये, तिने आधीची हकीकत स्वतःहून सांगून टाकली. मालक दयानंद यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. एक महिना बघू."

पहिल्या दिवशी पहाटे पाचच्या बसमध्ये ती चढली. महिना संपल्यावर काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खाकी ड्रेसमधल्या एका बाईने डबा मांडीवर घेऊन सरकून जागा केली. उल्का बसली आणि तिने समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला.