ग्लासाचा वास

नाटकातली दारू मी घरून करून नेते. कोरा चहा, बिनसाखरेचा, कापडातून दोनदा गाळलेला. नाटकाची सगळी प्रॉपर्टी, ग्लास-बाटल्यांपासून खुर्च्यांपर्यंत, माझ्याकडे आणि नाटकातला दारुडाही माझ्याचकडे, म्हणजे माझा नवरा. दारू सोडून त्याला एक वर्ष आणि दोन महिने झाले. जगात एवढी नाटकं पडली असताना यानं नेमकं हेच उचललं, तेव्हा मी डोक्याला हात लावला होता.

पहिल्याच तालमीत दिग्दर्शकाचं आणि याचं वाजलं.

"अहो, झोकांड्या खा की जरा! प्यायलेले वाटतच नाही तुम्ही."

"प्यायलेला माणूस न प्यायल्यासारखं चालायला बघतो," नवरा शांतपणे म्हणाला. "त्यातच त्याचा जीव जातो."

आणि खुर्चीवरच्या सदऱ्याची त्यानं कडेला कड जुळवून अशी घडी घातली, की मी हातातली बाटली खाली ठेवली. आमच्या घरी सदऱ्याची घडी नीट पडली की मी ओळखायचे, आज स्वारी पिऊन आली आहे.

ग्लास त्याच्या हाती देण्याआधी मी त्याचा वास घेते. घरीसुद्धा त्याचा चहाचा कप विसळताना आधी नाकाशी जातो. एकदा दिग्दर्शकानं ते पाहिलं आणि टाळीच वाजवली. "हेच! नाटकातली बायको हेच करेल!" झालं. बायकोचं काम करणाऱ्या नटीनं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि नवरा पुढचं वाक्यच विसरला.

घरी जाताना एवढंच म्हणाला, "रोज घेतेस?"

"रोज."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला. दहा वर्षं प्यायची यानं आणि लाजायचं मी? तरी ठरवलं, आता पुरे.

पहिल्या प्रयोगाला मी बाटली भरली, ग्लास पुसला आणि विंगेत तसाच त्याच्या हाती दिला. मोठा पराक्रम केल्यासारखी उभी राहिले.

दुसरी घंटा झाली तरी तो माझ्याकडेच बघत होता.

"आज वास नाही घेतलास?"

"नाही. विश्वास आहे माझा."

त्याचा चेहरा उतरला. "नेमका आजच कशाला ठेवलास गं?"

कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं एक चपटी बाटली काढून माझ्या हातात दिली. खरी. झाकणाचं सील शाबूत होतं.

"सकाळी घेतली. तुला वास येणारच, म्हणून उघडली नाही." त्यानं ग्लास माझ्या नाकाशी धरला. "घे."

मी घेतला.

"चहाच आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

तिसरी घंटा झाली आणि तो रंगमंचावर गेला. ती बाटली मी पूर्ण प्रयोगभर मुठीत धरून उभी होते.

पडदा पडल्यावर मेकअपच्या खोलीत त्यानं सदरा काढला आणि बोळा करून खुर्चीवर भिरकावला. एरवी मी ओरडले असते. आज तो चुरगळलेला सदरा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसले.