कुंडीतली लाल पेन्सिल

कोथरूडमधल्या आपल्या गच्चीवर मुक्ताई मोठ्या माणसांना इंग्रजी व्याकरण शिकवीत. शिकवीत म्हणजे असे, की क्रियापदानेही अदबीने उठून उभे राहावे. दर गुरुवारी त्यांचा एक शिरस्ता असे. प्रत्येकाने स्वतःला पडलेले स्वप्न इंग्रजीत सांगायचे. स्वप्न घडून गेलेले, म्हणून सारा भूतकाळ. आणि दुसऱ्या कुणी न पाहिलेले, म्हणून पाठांतराला वाव नाही.

बिलकिसची पाळी आली की ती मान खाली घाली. नियम तिला तोंडपाठ होते. ‘डिड’ आले की पुढचे क्रियापद मूळ रूपात. ‘शी’ आली की वर्तमानात शेवटी ‘एस’. परंतु ओठ उघडताच एकेक शब्द उंबऱ्यावर थबके, “मी बरोबर आहे ना?” विचारी, आणि तोवर ऐकणाऱ्याचे लक्ष उडून जाई. उद्या सकाळी डोळ्यांच्या एका दवाखान्यात, स्वागतकक्षातल्या जागेसाठी तिची इंग्रजीतून मुलाखत होती. घराबाहेरची ही तिची पहिलीच नोकरी ठरणार होती.

“बिलकिस, उठा. आज सुटका नाही.”

“बाई, स्वप्न पडलंय. पण सांगता येणार नाही.”

“का? व्याकरण घरी विसरून झोपलात?”

हिंमतराव खुदकन हसले. एसटीतून निवृत्त झालेले हे कंडक्टर मांजरी गावाहून येत. “आमच्या सपनात तर बाईच छडी घेऊन उभ्या हायत!”

बिलकिस मात्र हसली नाही. “अम्मी सांगायची, चांगलं स्वप्न आपलं भलं चिंतणाऱ्यालाच सांगावं. ऐकणारा जसा अर्थ लावतो, तसं ते फळतं.”

“मग मी कोण? वैरी?”

“आपण चुका काढता, बाई.”

मुक्ताईंच्या अंबाड्यात लाल पेन्सिल खोचलेली असे. वर्गात ती चूक टिपण्यापुरतीच खाली उतरे. त्यांनी ती काढली आणि कढीपत्त्याच्या कुंडीत रोवली.

“सांगा.”

बिलकिसने डोळे मिटले आणि ती इंग्रजीत स्वप्न सांगू लागली. कर्वे रस्त्यावर एकही गाडी धावत नव्हती. बसगाड्या पापण्या मिटून कडेला म्हशींसारख्या बसल्या होत्या. रस्त्याच्या मधोमध चटईवर अम्मी, जाऊन कैक वर्षे झालेली अम्मी, हिरव्या बांगड्या ओवीत होती. बिलकिस तिच्याशी इंग्रजीत बोलली, आणि इंग्रजीचे अक्षर न शिकलेल्या अम्मीला सारे समजले. सांगता सांगता भूतकाळातून निघालेली वाक्ये वर्तमानात शिरली, ‘ए’ आणि ‘द’ वाटेत गळून पडले. बिलकिस वाहत राहिली. मुक्ताईंचा हात एकदा अंबाड्याकडे गेला आणि रिकामाच परतला.

“अर्थ सांगा ना, बाई,” डोळे उघडत ती म्हणाली.

असल्या गोष्टींवर मुक्ताईंचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यांनी पदर सारखा केला आणि निकाल द्यावा तसे म्हटले, “यू विल गेट द जॉब.”

“आणि चुका?”

“पुष्कळ. त्या सोमवारी काढू.”

जिना उतरताना हिंमतरावांनी मुलाखत घेणाऱ्या साहेबासारखा खोटा खोटा घसा खाकरला. “मॅडम, व्हाय यू वॉन्ट धिस जॉब?”

“बिकॉज आय लाइक टॉकिंग टु पीपल,” बिलकिस म्हणाली, आणि पिशवी सावरत पुढे चालू लागली.

फाटकापाशी येईतो तिला कळलेही नव्हते, की यावेळी उंबऱ्यावर कोणताच शब्द थबकला नव्हता. समोरून एक बस गेली. तिच्या काचेवर ऊन असे पेंगुळले होते, की बसने पापण्या मिटल्याचा भास झाला.