चाळणीबाई

“किलोमागे दोन पूर्णांक तीन दशलक्ष पेशी! दोन असले की पुरे. सही करा आणि मोकळ्या व्हा, मदाम,” स्वतः मोजलेल्या आकड्याचा कागद पुढे करत डॉक्टर तामर म्हणाले.

नग्वाने पेन उचललंच नाही. अलेक्झांड्रियाच्या त्या इस्पितळात सव्वीस वर्षं ती पेशी मोजायच्या यंत्रावर बसत होती, आणि सव्वीस वर्षं असले पोरगेले डॉक्टर तिच्या डोक्यावर घाई करत उभे राहत होते. प्रत्येक नमुना पुन्हा पुन्हा चाळते म्हणून मागे आपल्याला चाळणीबाई म्हणतात, हेही तिला ठाऊक होतं.

“मेलेल्या पेशी ओळखायचा रंग घातलात?”

“वेळ कुठे होता? वरच्या वॉर्डात हनिय्याची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी जाळून टाकलीय. भावाच्या मूळपेशी आज चढवायच्याच आहेत.”

“म्हणूनच विचारते. हव्या त्या पेशी मूठभर. मेलेलीला कुठलाही रंग चिकटतो, मग तीही त्यांच्यात मोजली जाते. मेलेल्या रुजायच्या नाहीत, डॉक्टर.”

तिने नमुना पुन्हा रंगवून यंत्राला लावला. पडद्यावर आधी एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या जोड्या वगळल्या, मग मेलेल्या. आकडा घसरत एक पूर्णांक चारवर आला. आपलंच चुकलं असावं, अशी आशा धरून तिने पुन्हा मोजलं. तेवढाच.

रात्रभरात एवढ्या मेल्या कशा? ती तणतणत साठवणीच्या खोलीत गेली. पिशवी फ्रिजमध्येच होती, पण कोमट. प्लग काढून कुणीतरी तिथे चहाची किटली लावली होती.

“आग लागो यांच्या चहाला!” ती एकटीच ओरडली.

हनिय्याचा भाऊ रगब बाहेर बाकावर बसला होता, पायाशी बॅग. तो कुवेतला ट्रक चालवायचा. रजा संपली होती, दुपारचं विमान होतं.

“तुम्हीच सांगा,” डॉक्टर म्हणाले. “चाळलंत तुम्ही.”

तिने सगळं सांगितलं, किटलीसकट.

“म्हणजे काल पाच तास सुया टोचून घेतल्या, त्या फुकट?”

“सगळ्या नाही. पण आणखी पेशी काढाव्या लागतील. आजच.”

“मालक दुसरा ड्रायव्हर ठेवेल.”

नग्वाची शरमलेली नजर त्याच्या बॅगेवर गेली.

“मेल्या त्या माझ्याच होत्या ना, मदाम?”

“तुझ्याच, बाबा.”

त्याने बॅग बाकाखाली सरकवली. दोन्ही बाह्या वर केल्या आणि कमी काळानिळा हात कुठला ते बघून तो पुढे केला.

दुसरी पिशवी खाली आली तेव्हा विमान कधीच गेलं होतं. नग्वाने चाळून मोजलं. कालच्या जिवंत पेशी धरून अडीच. पिशवी वर न्यायला माणूस येईपर्यंत तिने ती फ्रिजमध्ये ठेवली, खुर्ची ओढून प्लगापुढे मांडली आणि बसून राहिली.