उपाशी तुकडा

सुमनबाईंनी खताची ती पाटी टाकली ती निव्वळ दयेपोटी. वाईट हेतू म्हणाल तर रतीभरसुद्धा नव्हता.

झालं असं. पेडगावच्या सुमनबाई सहा वर्षं परभणीच्या कृषी विद्यापीठात रोजंदारीवर होत्या, पण सगळी सहा वर्षं रोपवाटिकेत. सोमवारी त्यांना मातीच्या प्रयोगावर पाठवलं. प्रयोग म्हणजे काळ्या रानात आखलेले अठ्ठेचाळीस तुकडे, एकेक अंगणाएवढा, मधे बांध, कोपऱ्यात नंबर. कुठल्या तुकड्यात शेणखत किती आणि युरिया किती, हे आधीच ठरलेलं. मुकादम बन्सीधर काट्यावर तोलून देणार आणि बायांनी नेऊन पसरायचं. ज्वारीच्या पेरणीआधीची लगबग होती.

सतरा नंबरच्या तुकड्यात मात्र कुणी काही नेईना. तिथं गवतसुद्धा हात आखडून उगवलं होतं. सुमनबाईंनी विचारलं, तर बन्सीधर नुसते म्हणाले, "तिथं काई टाकायचं न्हाई. उपाशी तुकडा हाय त्यो."

आता शेतकऱ्याच्या बाईला हे पटावं कसं? शेजारच्या पानावर वाढायचं आणि मधल्याला कोरडं उठवायचं, ही कुठली रीत! सरकारी कारभार, खत कमी पडलं असेल, असा त्यांनी आपला अंदाज बांधला. मंगळवारी बन्सीधर चहाला गेले, तशी त्यांनी ढिगावरची एक पाटी भरली, सतराव्या तुकड्यात नेली आणि हातानं सारखी पसरलीसुद्धा. घरी जाताना त्यांना फार बरं वाटत होतं.

बुधवारी सकाळी कॉलेजची मुलंमुली प्रयोग बघायला आली. त्यांना घेऊन आलेल्या उत्तरा मॅडम या प्रयोगाच्या प्रमुख, आवाज खणखणीत. त्या बांधावर उभ्या राहून सतराव्या तुकड्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "हा तुकडा एक्केचाळीस वर्षं उपाशी आहे. शेण नाही, राख नाही, युरियाचा दाणा नाही. जमीन स्वतःच्या जिवावर किती वर्षं देते, ते आपण तिला विचारतोय. आणि ती अजून देतेय! शेतकऱ्याला किती खत टाकायचं याची चिठ्ठी आपण या तुकड्याच्या जोरावर देतो. काही न टाकता काय होतं हे ज्याला माहीत नाही, त्यानं एवढं टाका म्हणून सांगू नये."

"मॅडम, हे सुरू कुणी केलं?" एका मुलीनं विचारलं.

"ज्यांनी केलं ते सर वारले. त्यांच्यानंतरचेही वारले. तिसरे रिटायर झाले. मी चौथी."

पलीकडे निंदणाऱ्या सुमनबाईंचं खुरपं जागीच थांबलं. विद्यापीठ मोर्चे काढून मिळवलंय, फुकट नाही आलं, हे त्यांनी सासऱ्यांकडून शंभरदा ऐकलं होतं. पण विद्यापीठ म्हणजे त्यांच्या लेखी मोठाल्या इमारती, साहेबलोकांच्या गाड्या आणि मेळाव्यातली गर्दी. माणसं मरून जातात, दुसरी येतात, आणि एक अंगणभर जमीन उपाशी ठेवायचा शब्द तेवढा कुणी मोडत नाही, हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. आणि तो शब्द काल त्यांनी मोडला होता.

"उद्या सकाळी वखराची पाळी घालून घेऊ," मॅडम जाता जाता बन्सीधरांना म्हणाल्या.

काळ्या मातीत काळं खत, बांधावरून कुणाला दिसलं नव्हतं. पाळी घातली की ते मातीत मिसळणार आणि कुणाला कधी कळणार नाही. कळलं तर रोजंदारी जाणार, हे उघड होतं. दुपारी सुमनबाईंनी भाकरीचा डबा उघडला. त्यांच्या स्वतःच्या दोन एकरांत खत पडायचं ते त्याच चिठ्ठीप्रमाणे. या वर्षी सतराव्यात ज्वारी चार कणसं जास्त देईल, मॅडम ती खरी धरतील, आणि पुढची सगळी चिठ्ठी खोटी होईल. ताडकळस, सोनपेठ, सगळीकडे. त्यांनी डबा झाकला आणि त्या प्रयोगशाळेत गेल्या.

आत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर काचेच्या बाटल्या. सतराव्या तुकड्याची माती, दर सालची एक, एक्केचाळीस बाटल्या. सुमनबाईंना आकडे वाचता येत. ही त्यांच्या लग्नाच्या सालची. ही भूकंपाच्या. ही थोरल्या लेकीच्या वेळची. त्यांचा सगळा संसार कुणीतरी बाटल्यांत भरून, बूच लावून ठेवला होता. देवळातसुद्धा त्यांचे हात इतके आपोआप जुळले नव्हते.

"काय झालं, सुमनबाई?" टेबलावरून मॅडमनी विचारलं.

"म्याडम, माज्याकडून घोर चूक झालीया. काल मी सतराव्यात पाटीभर शेणखत टाकलं."

मॅडम तशाच उठल्या. दारात उभे असलेले बन्सीधर मात्र भडकले. "काय केलं हे, बाई! सांगितलं व्हतं ना म्या? उद्यापासून येऊ नका!"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "अजून पाळी घातलेली नाही. पाऊसही उघडलाय. चला."

मग तिघांनी उकिडवं बसून शेणखताचं ढेकूळन् ढेकूळ हातानं वेचलं. मॅडमनी साडी खोचली होती. "मातीची चिमूटसुद्धा बाहेर न्यायची नाही," असं त्या दर पाच मिनिटांनी बजावत होत्या. भुगा चाळणीनं चाळायचा, माती जागच्या जागी परत. चार वाजले, पाच वाजले. सुमनबाईंच्या गुडघ्यांना रग लागली, पण उठायचा जीव होईना. शेवटी त्यांनी तीच पाटी ढिगावरून काल भरली होती तशीच भरून दाखवली. काट्यावर चौदा किलो भरली. वेचलेलं भरलं तेरा किलो चारशे.

"सहाशे ग्रॅम राहिलं आत," मॅडम म्हणाल्या. "तेवढ्यानं तुकडा बाद होत नाही. पण लिहावं लागेल."

प्रयोगाची जाड वही टेबलावर आली. मॅडमनी तारीख टाकली, वजन टाकलं, आणि थांबल्या. "कारण काय लिहू?"

"उपाशी दिसलं म्हनून," सुमनबाई खालमानेनं म्हणाल्या. "आन् माजं नाव लिवा. दुसऱ्या कुण्या बाईवर आळ नको."

मॅडमनी शब्दाला शब्द तसंच लिहिलं. सुमनबाईंनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

बन्सीधर पुढं आले, वही ओढून घेतली आणि पानं मागं उलटू लागले. वीस वर्षं मागं जाऊन एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "वाचा म्याडम, मोठ्यानं वाचा. त्यान्ला ऐकू द्या."

मॅडमनी वाचलं, "तुकडा सतरा. युरिया, अंदाजे चार मुठी. टाकणारा, बन्सीधर. कारण, बघवलं नाही."

सुमनबाईंनी वर बघितलं, तर मुकादमांचे डोळे भरलेले.

"तवाच्या सायबानं मला काढलं न्हवतं," ते म्हणाले. "म्हनले, ज्याला बघवत न्हाई त्योच नीट राखंल. उद्या पाळीला सातला या, सुमनबाई."