उष्टा नान

नारिनच्या डोंगराळ मुलखात लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस नानचा एक घास तोडतो आणि उरलेला नान घरच्यांच्या हाती देतो. घरचे तो खिळ्याला टांगतात. माणूस परतला की त्यानेच तो संपवायचा. सत्तारकुलची अडचण एवढीच की त्याला घरचे उरले नव्हते. बायको गेली, घर विकलं, आणि लेक उद्या सकाळी त्याला रशियात घेऊन जाणार होती. तेव्हा नान बगलेत मारून तो चाळीस वर्षांच्या दोस्ताकडे, ओर्मोनकडे निघाला. ओर्मोनने नान ठेवून घेतला की परत यायला एक दार तरी राहणार होतं.

ओर्मोन घरात होता, म्हणजे देहाने. खोलीच्या मधोमध स्टुलावर मांड ठोकून, डोळ्यांवर आभासी खेळांचा काळा डबा बांधून, तो घोडेस्वारांच्या बोकड हिसकावण्याच्या खेळात घोडा फेकत होता. आठ वर्षांपूर्वी खऱ्या घोड्याने त्याचा खुबा मोडला होता. स्टुलाने अजून दगा दिला नव्हता.

"कोण, सत्तार? बस रे. ही एवढी फेरी."

सत्तारकुल बसला. पूर्वी दुपारी दोघे नऊ खळग्यांचा पट मांडायचे, एकमेकांच्या गोट्या ढापायचे, शिव्या घालायचे. डबा आल्यापासून पटावर कांदे वाळत होते.

"मेल्या, हे माणसांत राहणं नव्हे," असं त्याने एकदा सुनावलंही होतं.

"तुझं तोंड बघण्यापेक्षा घोडी देखणी आहे," ओर्मोन म्हणाला होता.

फेरी संपली, दुसरी सुरू झाली. सून नुरझात तीनदा चहा ओतून गेली. चौथ्यांदा हळूच म्हणाली, "काका, हाक मारू का? पण सेऊलहून हे आलेत खेळात. पाच वर्षांत घरी येणं जमलं नाही. रविवारी असे भेटतात."

सत्तारकुलने दोस्ताच्या खांद्याकडे हात नेला. तेवढ्यात ओर्मोन ओरडला, "घाल टाच, पोरा! डावीकडून ये, मी आहे!" आणि खदखदून हसला. स्वतःच्या बायकोच्या मातीनंतर ओर्मोन असा हसला नव्हता. त्याला हसवायला सत्तारकुलने काय काय केलं होतं. एकदा तर स्वतःच्या चुलतभावाच्या मरणाचीही गंमत करून सांगितली होती.

हात मागे आला.

"नको. घोड्यावरच्या माणसाला मध्येच उतरवू नये. हाडं मोडतात."

मग त्याने नान काढला. हिरड्यांनी घास तोडायला जरा वेळ लागला. उरलेला नुरझातच्या हातात दिला. तिचा चेहरा उतरला.

"कुठे निघालात?"

"लेकीकडे. रशियाला. उद्या."

"मामंजींना सांगते—"

"जेवण झाल्यावर सांग. आधी सांगितलंस तर जेवायचा नाही, आणि दोष माझ्यावर येईल. उंच टांग हं. तुमच्या मांजराला माझ्याबद्दल काडीचा आदर नाही."

"परत कधी येणार, काका?"

"अगं, कडक झाला तरी चालेल. दात आहेत कुणाला?"

नुरझातने नान दोन्ही हातांनी छातीशी धरला. घोटाघोटाने थंड चहा संपवून सत्तारकुल उठला. उंबऱ्याशी बूट चढवत होता, तेव्हा आतून आवाज आला,

"सत्तार! आहेस ना रे?"

"आहे की," तो म्हणाला. "खेळ तू."

आणि फाटक वाजू नये म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी धरून लावलं.