मायनं न म्हटलेलं वाक्य

सकाळी पोरांना शाळेत सोडलं की गोपालची व्हॅन दुपारपर्यंत कडुनिंबाखाली उभी राही. आष्टीत एवढा वेळ काढायचा तर चहाची टपरी, आणि टपरीवर बसलं की खिशातले पैसे जातात, येत नाहीत. म्हणून गोपालनं मोबाइलवर सर्व्हे भरायला सुरुवात केली. बसल्या जागी चार पैसे सुटले तर उन्हाळ्याच्या आत खोलीत कूलर येईल, असा त्याची बायको स्वीटी हिचा हिशेब होता. पत्र्याच्या खोलीत ज्यानं आष्टीचा मे महिना काढला आहे, त्याला या हिशेबात काही चूक दिसणार नाही.

सर्व्हेवाले बोलायला मोठे गोड. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे असं आधी सांगतात आणि मग हळूच विचारतात, तुम्ही कोण? गोपालनं सुरुवातीला सगळं खरं सांगितलं. घरी कार नाही, व्हॅन चालवतो पण ती मालकाची. विमानात बसलो नाही. कुत्रा आहे, पण तो गल्लीचा आहे. एवढं सांगून झालं की पडद्यावर यायचं, 'क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.' मग गोपाल शहाणा झाला. पुण्यातल्या एका बँकेत मॅनेजर झाला, दोन दारांचा फ्रिज घेतला, वर्षाकाठी दोनदा विमानानं फिरून येऊ लागला, आणि त्याच्या मताला एकदम मोल आलं. कुत्र्याच्या बिस्किटांवर तर त्यानं इतकं सविस्तर मत दिलं की कुत्र्यालाही सुचलं नसतं.

मिळायचे मात्र पॉइंट. ते साठून साठून शंभराची नोट व्हायला महिना जायचा. त्यात मध्येच 'पहिला महिना अगदी फुकट' म्हणणाऱ्या एका व्यायामाच्या ॲपच्या नादी तो लागला. फुकट घेतल्याबद्दल पन्नास रुपये मिळाले खरे, पण महिना संपायच्या आत ते बंद करायचं विसरला आणि खात्यातून सहाशे रुपये परस्पर कापले गेले. स्वीटी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते ऐकून गोपालला वाटलं, अबोलाच बरा होता.

अशात नागपूरच्या अनुप नावाच्या पोराचा मेसेज फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला. कुठलीशी कंपनी मोबाइलला माणसांच्या बोल्या शिकवत होती आणि तिला गोंडी बोलणारे हवे होते. पडद्यावर मराठी वाक्य दिसेल, ते गोंडीत म्हणायचं, रेकॉर्ड करायचं. शे-दीडशे वाक्यांचा संच, सगळा एकाच माणसाच्या आवाजात. संच पूर्ण पास झाला तर पैसे, नाहीतर काही नाही. पैसे मात्र कूलर येऊन वर स्टँडही येईल इतके. गोपालनं मातृभाषेच्या पुढं गोंडी लिहिलं, आणि हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, आपण पात्र आहात. खरं लिहून पात्र ठरण्याची ही त्याची पहिलीच वेळ. त्याला उगाचच बरं वाटलं.

अडचण एवढीच होती की गोपालला गोंडी येत नव्हती. अगदीच येत नव्हती असं नाही. कानाला अर्धीमुर्धी कळायची, पण बोलायला गेलं की जीभ अडायची. पहिलीपासून तो आश्रमशाळेत राहिला. पोराला घरात मराठीच ऐकू द्या, म्हणजे मागं पडणार नाही, असं तिथल्या कोणीतरी त्याच्या मायला सांगितलं, आणि तिनं ते अक्षरशः पाळलं. ती बहिणीशी गोंडीत बोले, शेळ्यांना गोंडीत ओरडे, आणि गोपाल सुटीत घरी आला की वऱ्हाडीवर येई. तिनं ते प्रेमानंच केलं होतं, आणि गोपालनंही कधी तक्रार केली नव्हती.

तेव्हा रविवारी तो जंगलाकडच्या आपल्या गावी गेला आणि मायला ओसरीत बसवलं. अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. गोपाल मराठी वाक्य वाचायचा, माय ते गोंडीत म्हणायची. आधी ती लाजली, मोबाइलकडं पाठ करून बोलू लागली. मग रंगली. 'माझं विमान उशिरा येणार आहे' या वाक्याला, मी कुठं चालली हे तर सांग, म्हणून हसली. लिफ्ट बंद आहे हे तिला समजावून सांगावं लागलं. सगळं ऐकून तिनं वर नेणाऱ्या पाळण्याला गोंडीत असं काही नाव ठेवलं की स्वतःच पदर तोंडाला लावून हसत बसली. रस्त्यावर अपघात झाला, मुलगा शाळेत गेला, डॉक्टरला लवकर बोलवा, असली वाक्यं तिनं पटापटा म्हटली. गोपालनं तिला एवढं बोलताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. एवढं बोलणं तिच्यात होतं आणि आपल्या वाट्याला ते आलंच नाही, असं त्याला वाटून गेलं. पण संच पुरा करायचा होता.

अगदी शेवटाकडं एक वाक्य आलं. 'माझ्या मुलाचा अपघात झाला आहे, लवकर गाडी पाठवा.' गोपालनं वाचलं आणि बटण दाबलं. माय बोलेना. त्यानं पुन्हा वाचलं.

"हे मी नाई म्हननार," माय म्हणाली.

गोपालनं समजावलं की हे खरं नाही, नुसतं म्हणायचं आहे, मघाशी विमानात कुठं बसली होतीस? मायचं म्हणणं वेगळंच होतं. मराठीत म्हणायला सांग, दहादा म्हणते. पण आपल्या बोलीत नाही. आतल्या खोलीत मातीच्या ओट्यावर कुळाचे देव होते, घरातली गेलेली माणसंही त्यांच्यातच जाऊन मिळालेली. गोपाल रोज रस्त्यावर गाडी घेऊन असतो, तो धड घरी पोचू दे, हे ती त्यांना रोज सांगत होती. ज्या तोंडानं ते सांगते त्याच तोंडानं हे कसं सांगू?

"त्यायले मराठी समजत नाई, गोपाल. आपली बोली समजते."

उरलेली दोन-चार वाक्यं म्हणून ती मागं शेळ्यांना पाणी पाजायला गेली. गोपाल ओसरीत एकटा राहिला. एका वाक्यासाठी सगळा संच फुकट जाणार, हे काही त्याच्या मनाला पटेना. त्यानं मायची आधीची वाक्यं पुन्हा लावली. मुलगा, अपघात, लवकर, सगळे शब्द तिच्याच तोंडचे तिथं होते. ते त्यानं जुळवले, आवाज जरा बारीक काढला आणि वाक्य स्वतः म्हटलं. म्हणताना त्याला काहीच वाटलं नाही. अंगावर काटा आला नाही की जीभ चाचरली नाही. लिफ्ट बंद आहे म्हणावं तसा तो म्हणून गेला, आणि संच पाठवून मोकळा झाला.

बुधवारी अनुपचा फोन आला. बाकी सगळं झकास आहे, आजींचा आवाज तर तिथल्या लोकांना फारच आवडला, पण एक वाक्य अडकलं. ते दोन दिवसांत आजींच्याच आवाजात पाठवा, नाहीतर संच बाद. गोपालनं कारण विचारलं. अनुप जरा चाचरला आणि तपासणाऱ्याचा शेरा त्यानं वाचून दाखवला.

"आवाज वेगळा. बोलणारा या भाषेचा नाही."

गोपालला राग आला, आणि कोणावर आला ते त्याला कळेना. कार नाही म्हणून, फ्रिज नाही म्हणून त्याला आजवर शेकडो वेळा बाद केलं होतं. तेव्हा त्यानं पडदा पुसून पुढचा सर्व्हे उघडला होता. हे मात्र जिव्हारी लागलं. व्हॅन चालवता चालवता तो त्या न पाहिलेल्या माणसाशी भांडत राहिला. माझ्या दाखल्यावर काय लिहिलंय ते बघ. माझा बाप कोण होता ते गावात येऊन विचार. तू कोण मला सांगणारा? स्वीटीचं म्हणणं सरळ होतं. मशीनपुढं एकदा म्हटल्यानं कोणाचं काही होत नाही, सासूबाईंना जरा गोडीनं सांगा, तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. गोपाललाही ते ठाऊक होतं. माय आधी नाही म्हणेल, आणि त्यानं धरून बसलं तर म्हणेल. तिच्या मनात ते कायमचं सलत राहील, पण म्हणेल. सांगायचं की नाही, एवढंच त्याच्या हातात होतं.

शुक्रवारी पोरांना शाळेत सोडून तो गावी गेला. माय मोहफुलांतला कचरा निवडत बसली होती. त्याला पाहताच तिनं विचारलं, "माहा आवाज पास झाला का नापास?"

पास झाला, गोपाल म्हणाला. सगळ्यांना आवडला. ती खुलली. मग त्याच्या चेहऱ्याकडं पाहून थांबली.

"अन् ते एक?"

आता मागायचं होतं. वाटेत त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं, माय, फक्त एकदा म्हण. पण ती अशी रोखून पाहत होती की त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"ते मी म्हनलतो. त्या दिवशीच."

"कोठी?"

"अठीच, ओसरीत."

"आपल्या बोलीत?"

तो हो म्हणाला. मायच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती रागावली असती तर गोपालनं बाजू मांडली असती, पण ती रागावली नाही. हातातली फुलं खाली ठेवून उठली, रांजणाशी हात धुतले आणि आतल्या खोलीत गेली. दार तिनं लोटून घेतलं.

आतून तिचं बोलणं ऐकू येऊ लागलं. रेकॉर्डिंगच्या वेळचा तिचा आवाज हा नव्हता. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरसमोर गरिबाघरची बाई बोलते तशी ती अजिजीनं, न थांबता बोलत होती. गोपाल ओसरीत उभा राहून कान देऊन ऐकत होता. त्याचं नाव दोनदा आलं. बाकीचं त्याच्या हाती लागेना. आपल्याच मायनं आपल्यासाठी काय मागितलं हे दाराबाहेर उभं राहून आपल्याला कळत नाही, याची त्याला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. डोळे पुसलेले होते. काही झालंच नाही अशी पुन्हा मोहफुलांपुढं बसली आणि काड्या वेचू लागली. गोपालचा मोबाइल खिशात होता, अनुपनं दिलेला वेळ अजून शिल्लक होता, आणि मागायचं होतं ते मागावंसं त्याला वाटेना.

"काय सांगतलं त्यायले?" त्यानं विचारलं.

मायनं मान वर केली नाही.

"दुसरं काय सांगनार? म्हनलं, पोराचं बोलनं मनावर नोका घेऊ. त्याले आपली बोली येत नाई."

गोपाल तिच्या शेजारी खाली बसला. तपासणाऱ्याशी तो दोन दिवस भांडत होता. मायशी भांडायला त्याच्याकडं काही नव्हतं.