चावीची वही

हे मी लिहिणारच नव्हतो. घरचीच गोष्ट हाय, चारचौघांत कशाला. पण दोन वर्षं लोकांची उत्तरं लिहून घेतली, मग आपलंच तेवढं गाळायचं हे काय बरोबर वाटंना.

रविवारी सकाळी आम्ही गावच्या पंपहाऊसच्या पायरीवर बसलो होतो. चंदना मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. एकोणीस गावं, एकोणीस पाणीसंस्था. शेवटच्या रकान्यात पाच वर्षांत पाण्यावरून झालेली भांडणं. आमच्या गावापुढं शून्य. ते मीच भरलेलं.

मॅडम अर्थशास्त्राच्या. गावातली संस्था पक्की असली की भांडणं थांबतात, आणि भांडणं थांबली की गाव वर येतं, असा त्यांचा अभ्यास. मी बारावी नापास. आकडेवारी मोबाइलवर बघून शिकलो. पण माझा फॉर्म चुकत नाही म्हणून त्यांनी मला ठेवलेलं.

"शिवतेज, उद्या सांगलीत याच गावावर बोलणार आहे मी. शून्य नक्की ना?"

"शंभर टक्के. आमच्यात पाणी सोडायच्या वॉलची चावी आळीपाळीनं फिरते, मॅडम. ज्याच्याकडं चावी त्यानं आठ दिवस पाणी वाटायचं. आमच्या आबांकडं, माझ्या वडलांकडं, सगळ्यात जास्त वेळा आली. विश्वासाचा माणूस."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सम्मेद. लहानपणापासूनचा दोस्त. शिरवळला कंपनीत असतो, रविवारचा तेवढा गावात. आबांच्या रानाला लागूनच खाली त्याचं रान.

"विश्वासाचा? तू ह्याच गावचा न्हवं गड्या?"

"का रं?"

"जो भांडतो त्याच्याकडं जाती चावी. पाणी चोरलं म्हणून कोण वराडला, की पंच म्हणत्यात, घे, पुढची पाळी तूच वाट. आठ दिवस गावाच्या शिव्या खाल्ल्या की गडी गार. तुझा आबा लय भांडतोय, म्हणून लय येळा चावीवाला!"

मी दहावीपर्यंत विट्याला मामाकडं वाढलो. सुट्टीत यायचो तेव्हा आबांच्या करगोट्याला चावी लटकलेली असायची आणि मी त्यांच्या मागून छाती काढून चालायचो. पंचांनी मान दिलाय, असं आबाच सांगायचे.

मॅडम हसल्या नाहीत. आत गेल्या आणि खिळ्याला अडकवलेली वही घेऊन आल्या. चावी घेतल्याच्या सह्या. दोघांनी मिळून मोजल्या. पाच वर्षांत त्रेसष्ट. त्यात 'लालासाहेब', म्हणजे आमचे आबा, चौदा वेळा, प्रत्येक वेळी मोठ्या झोकात.

माझे कान तापले.

"चुकलं मॅडम. माझ्यामुळं उद्याचं सगळं..."

"अरे, वाया काय जातंय? भांडणं थांबलीच नाहीत इथं. भांडणाऱ्यालाच कामाला लावलं तुमच्या पंचांनी." त्यांनी शून्य पुसून त्रेसष्ट लिहिलं. "हे त्या शून्यापेक्षा कितीतरी भारी आहे."

मला एकदम हलकं वाटलं. वही मिटता मिटता परत उघडली. पहिल्या पानापासून बघितली.

"सम्मेद, तुझी सही कुठंच न्हाई रं."

"मी कशाला भांडू?"

पायरीवरून दोन्ही रानं दिसत होती. उसाची लागण एकाच आठवड्यातली. आबांचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, सम्मेदचा कंबरेला.

"आबा पाणी तोडत्यात तुझं?"

"तोडत न्हाईत. त्यांच्या रानाची पाळी संपली तरी तास-दीड तास पाणी खाली सोडत न्हाईत, एवढंच." तो बुटानं माती उकरत राहिला. कंपनीचे बूट. "वराडलो तर चावी गळ्यात. आठ दिवस सुट्टी कोण देतंय मला? आबांना ते ठाव हाय."

मॅडमचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. त्यांनी त्रेसष्टकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मी खिशातला पेन काढून सम्मेदपुढं धरला.

"आज दुपारी पंच बसतील तवा तक्रार कर. आबांच्या नावानं."

"आन चावी?"

"सही तुझी, पाळी माझी."

"असं कुठं चालतंय? वहीत न्हाई तसं."

"चालत न्हाई असंबी वहीत कुठं लिव्हलंय?"

तो हसला, पण पेन काही घेतला नाही. "आबा घरात घेईल का तुला? जेवशील कुठं?"

"तुझ्या आईच्या हातचं. आठ दिवस."

"कांदा-लसूण नसतोय आमच्या जैनांच्यात. दिवस मावळायच्या आत ताट."

"जेवीन की! तू जा शिरवळला बिनघोर. पुढची पाळी तुझ्या रानात टायमावर पाणी येणार. आबा बांधावर आडवा पडला तरी वॉल मी फिरवणार. शब्द हाय माझा."